फेब्रुवारीतले गाव, दिवाळीतले गाव

गोदावरीकाठच्या एका वस्तीवरची अंगणवाडी. फेब्रुवारी महिना, दुपारची वेळ. सेविकाताईंनी कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही माझ्या पुढ्यात ठेवली आणि त्या लेकरांना खिचडी वाढायला उठल्या. वहीत घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातली माणसे, लेकरांच्या जन्मतारखा, सगळे निळ्या पेनाने नीट लिहिलेले होते. समासात मात्र काही नावांसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘ऊसतोड’ असे लिहिले होते. एका ठिकाणी ‘ऊसतोड, मुलगा आजीजवळ’. कुठे नुसतीच फुली. पेन्सिलीने का लिहिता, असे विचारले तर ताई म्हणाल्या, ‘‘येतेत ना माघारी. मग खोडावं लागतंय.’’

या पुस्तकाची सुरुवात त्या पेन्सिलीच्या नोंदींपासून झाली, असे मी म्हणेन. जे जिल्ह्याच्या छापील तक्त्यात सापडत नाही ते त्या समासात होते. गावाची लोकसंख्या दिवाळीत एक असते आणि फेब्रुवारीत दुसरी. पाण्याची टाकी, रेशनचा कोटा, शाळेचे शिक्षक, दवाखान्याची पदे ठरवताना मात्र आपण एकच आकडा हातात धरतो, तोही जुना. पुढची पाने गाव मोजायचे कसे हे शिकवतात. ते का मोजायचे, हे सांगण्याचे काम या प्रस्तावनेकडे आले आहे.

हे गाव म्हणजे शहागड. ते जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या डाव्या तीरावर, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पूल ओलांडला की गेवराई तालुका आणि बीड जिल्हा. पलीकडच्या काठाला राक्षसभुवन, जिथे १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पुढे १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. जालना जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ मे १९८१ चा. महामार्ग, नदी, बाजार आणि दोन जिल्ह्यांची हद्द एकत्र आल्यामुळे या गावात सतत माणसांची ये-जा असते.

दसरा झाला की पुलावर बघत उभे राहावे. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, ज्वारी-बाजरीची पोती, चुलीसाठी तीन विटा, एखादी शेळी, आणि वर बसलेली माणसे. बाईच्या मांडीवर तान्हे मूल. कोणी सांगली-कोल्हापूरकडे निघालेले, कोणी कर्नाटकात. त्याच दिवसांत उलट बाजूनेही टोळ्या येत असतात, कारण या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे आणि अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखानाही जवळच आहे. म्हणजे ज्या तालुक्यातून माणसे ऊस तोडायला जातात, त्याच तालुक्यात दुसरी माणसे ऊस तोडायला येतात. जाणाऱ्यांची घरे कुलपात आणि येणाऱ्यांची घरे पाचटाच्या कोप्यांची. हिशेबात दोन्ही कच्ची.

आता जनगणना कशी होते ते पाहू. २०११ साली प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघरी फिरले. १ मार्चच्या मध्यरात्रीची लोकसंख्या म्हणून तो आकडा जाहीर झाला. नियम असा होता की या वीस दिवसांत माणूस घरी असेल, किंवा त्या मुदतीत परत येणार असेल, तर त्याला घरी मोजायचे. सगळी मुदत तो बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचे. नियमात खोट काही नाही, मोठ्या देशाला असा एक दिवस ठरवावाच लागतो. पण फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. वस्तीवरचे जोडपे त्या दिवशी वारणेकाठच्या एखाद्या फडात असते. तिथल्या प्रगणकाने कोपीपर्यंत जाऊन त्यांची नोंद केली तर ती त्या गावाच्या खात्यात जाते. तो कोपीपर्यंत गेलाच नाही, तर ती दोन माणसे देशाच्या हिशेबातूनच गळतात. जालना जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १९,५९,०४६. हा आकडा मी कितीतरी अहवालांत शेवटच्या अंकापर्यंत छापलेला पाहिला आहे. त्यातले किती जण त्या रात्री जिल्ह्यात नव्हते, हे एकाही अहवालात वाचायला मिळाले नाही.

नमुना पाहणीतूनही ही माणसे निसटतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, म्हणजे २००७-०८ मध्ये, हंगामी स्थलांतरिताची व्याख्या ‘एक महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेला’ अशी होती. हंगाम सहा महिन्यांवर गेला की ऊसतोड कामगार या व्याख्येबाहेर पडतो आणि कायमचा स्थलांतरितही ठरत नाही. २०२१-२२ चा हंगाम राज्यात जूनपर्यंत चालला होता, हे मराठवाड्यातल्या ऊस उत्पादकांना चांगले आठवत असेल. राज्यात ऊसतोड कामगार किती, असे विचारले तर कोणी दहा लाख म्हणते, कोणी पंधरा लाख. पाच लाख माणसांचा फरक ज्या मोजणीत चालून जातो, तिच्यावर योजना उभ्या राहतात, याचे मला राहून राहून दुःख होते.

या धंद्याची स्वतःची एक मोजणी मात्र पक्की आहे. मुकादमाच्या वहीत कोणाला किती उचल दिली, कोणता कारखाना, कोणते सेंटर, कोण कोणाबरोबर, हे सगळे असते. त्या वहीत माणूस हे माप नाही. माप आहे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा त्याचा, नाव त्याचे. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात ऊस सवळते, मोळी बांधते, डोकी सेंटर असेल तर ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. हिशेबात ती कोयत्याचा निम्मा भाग. तिचे वय, तिचे बाळंतपण, तिचे आजारपण लिहायला त्या वहीत रकानाच नाही.

तो रकाना नसल्याने काय घडते, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे समोर आले, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा जणींत एक. हे दुखणे काही २०१९ मध्ये जन्माला आले नव्हते. खेड्यापाड्यांत बायका ते एकमेकींना सांगतच होत्या. शासनाला त्याचा आवाका कळला, कारण पहिल्यांदाच बायकांची वेगळी यादी झाली. कोयत्यातून बाई बाहेर काढून मोजली, तेव्हा ती दिसली.

हेच मुलींच्या बाबतीत झाले होते. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७. दहा वर्षांत एवढी घसरण. तो आकडा जाहीर झाल्यावर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या झाल्या, गुन्हे दाखल झाले, खटले चालले. आकड्याने गर्भातल्या मुली परत आणल्या नाहीत. पण ‘आमच्याकडे असं काही नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडे त्याने बंद केली.

आता थोडे दूर, समुद्रातल्या बेटांकडे जाऊ, कारण माणसे मोजण्याचे मोल तिथे जास्त स्पष्ट दिसते.

जगात छोटी द्वीपराष्ट्रे म्हणून ओळखले जाणारे ३९ देश आहेत. १९९२ च्या रिओ परिषदेत त्यांची अडचण वेगळी आहे हे मान्य झाले. १९९४ मध्ये बार्बाडोसला त्यांची पहिली जागतिक परिषद झाली आणि २०२४ मध्ये अँटिग्वाला चौथी. या देशांमध्ये लोकसंख्येचा आकडा म्हणजे जगण्याचा हिशेब असतो. तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. समुद्राची पातळी वाढते आहे म्हणून तिथल्या लोकांसाठी ऑस्ट्रेलियाने २०२३ च्या कराराने वर्षाला २८० जणांना कायम वास्तव्याची वाट उघडली. एवढ्याशा देशातून दरवर्षी २८० माणसे गेली तर मागे शिक्षक किती उरतील, परिचारिका किती, होडी चालवणारे किती, हे आधी मोजल्याशिवाय त्या देशाचे कोणतेही धोरण ठरू शकत नाही. न्यूएचे तर बहुतेक लोक न्यूझीलंडमध्येच राहतात. बेटावर दीड-दोन हजार माणसे उरली आहेत. मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत देशात राहणाऱ्या दर चौघांत एक परदेशी कामगार निघाला. तो पाणी पितो, कचरा करतो, आजारी पडतो, त्याचा हिशेब धरल्याशिवाय बेट चालत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेमध्ये समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि शहराचा नळ बंद पडला. भारताने विमानातून आणि जहाजातून पिण्याचे पाणी पाठवले. त्यानंतर दीडच वर्षाने, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. एक बेट चहूकडून समुद्राने वेढलेले, दुसरे शहर चहूकडून कोरड्या जमिनीने. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच पडला : माणसे किती आहेत, आणि माणशी किती लिटर?

या बेटांतले एक बेट तर आपल्याच माणसांचे आहे. मॉरिशस. १८३४ पासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षे सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते, बरेचसे कोकणातले. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. ती माणसेही ऊसच तोडायला गेली होती, हे ध्यानात घ्यावे. त्या काळच्या वसाहती सरकारने बंदरात उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक दिला. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, कोणत्या जहाजाने आला, हे सगळे लिहिले. पुढे पुढे तर छायाचित्रेही काढली. हेतू माणसावर पाळत ठेवण्याचा होता, पळून गेला तर पकडण्याचा होता, त्या हेतूचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण ती दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली गेली. २०१५ मध्ये युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्यांची नोंद केली. आज पोर्ट लुईतला एखादा मराठी माणूस आपला खापरपणजोबा कोणत्या साली, कोणत्या गावाहून आला हे कागदावर शोधू शकतो.

दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे ऊस तोडायला गेलेल्या मराठी माणसाची नोंद सापडते आणि गेल्या हंगामात अंबड तालुक्यातून बेळगावकडे गेलेल्या बाईची सापडत नाही. या पुस्तकावर काम करताना ही गोष्ट मला सारखी बोचत राहिली.

मॉरिशसची दुसरी गोष्ट धोरणाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला हिवताप आटोक्यात आला, मृत्यू घटले आणि लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. बेट ते बेट, जमीन काही वाढत नाही. १९६१ मध्ये दोन अहवाल आले : अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांचा आणि समाजधोरणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांचा. जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून पुढच्या दशकांचे अंदाज मांडून त्यांनी सांगितले की वेग असाच राहिला तर उसाच्या जोरावर या माणसांचे पोट भरणार नाही. मीड यांचा सूर फार निराशेचा होता. बेटाने तो अंदाज भविष्यवाणी म्हणून घेतला नाही, इशारा म्हणून घेतला. कुटुंबनियोजनाची सेवा गावोगाव पोचवली, मुलींचे शिक्षण वाढवले, उसाच्या जोडीला कपड्यांचे कारखाने आणि पर्यटन उभे केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होती, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती तीनच्या आसपास आली. जोरजबरदस्ती न करता. आपल्याकडे आणीबाणीत आकड्यांच्या लक्ष्यापोटी काय झाले, ते आठवणाऱ्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

मॉरिशसचा नकाशा शहागडला लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. बेटाला किनारा असतो, कोण आले, कोण गेले ते बंदरावर आणि विमानतळावर लिहिले जाते. शहागडच्या पुलावर अशी चौकी नाही आणि असूही नये. पण छोट्या बेटांकडून एक सवय घेता येते. ती बेटे स्वतःला विचारतात : इथले पाणी, इथली जमीन, इथला कचरा किती माणसांचा आणि कोणत्या महिन्यात? आपल्या गावाने हा प्रश्न विचारला पाहिजे.

पाण्याचेच घ्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे माप आहे. माणशी म्हणजे कोणत्या माणशी? एप्रिल-मेमध्ये टोळ्या परततात. विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत गाव पुन्हा भरते. ज्या महिन्यात पाणी सगळ्यात कमी, त्याच महिन्यात माणसे सगळ्यात जास्त. फेब्रुवारीतल्या आकड्यावर बांधलेली योजना मे महिन्यात अपुरी पडते, यात नवल काय? २०१९ च्या दुष्काळात ही अडचण शासनालाही मान्य करावी लागली. मुख्यमंत्र्यांनी सरपंचांशी थेट बोलून त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि २०११ च्या नव्हे तर २०१८ च्या लोकसंख्येवर टँकर द्यावेत, जनावरांचाही विचार व्हावा, असे आदेश दिले. आकडा बदलला की टँकरची खेप बदलते, इतके हे सरळ आहे.

रेशनचेही तेच. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, पण राज्याचा लाभार्थ्यांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी माणसे. त्यानंतर जन्मलेली मुले आज शाळेची अर्धी वाट चालून गेली. कोट्यात जागा झाल्याशिवाय त्यांचे नाव चढत नाही. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला मिळणारा निधीसुद्धा मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबाने वाटला जातो. तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे उपकेंद्र, ही मापे तर आपल्या सगळ्यांना पाठ आहेत.

नदीचा हिशेब वेगळाच. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडीचे लोकार्पण झाले, त्याच्या कालव्याने या भागाला ऊस दिला, मोसंबी दिली. पण नाथसागर भरला की दरवाजे उघडतात आणि पाणी खाली येते. २००६ चा पूर जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या अतिवृष्टीत गोदाकाठ पुन्हा पाण्याखाली गेला. अशा रात्री काठावर कोण झोपले आहे, त्यात अंथरुणाला खिळलेले किती, दिवस भरलेल्या बाया किती, हे माहीत असलेला माणूस गावात हवा. पूर सप्टेंबरात येतो, तेव्हा टोळ्या गेलेल्या नसतात, वस्त्या भरलेल्या असतात. म्हणजे पुरासाठी लागणारा आकडा पुन्हा वेगळा.

या सगळ्यावर कोणी म्हणेल, संगणकाच्या काळात पेन्सिलीची वही कशाला? संगणक हवाच. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत प्रायोगिक पातळीवर सुरू केली, त्यात जालनाही होता. शिक्षण विभागाचे ‘शिक्षण हमी पत्रक’ आहे, जे घेऊन गेलेल्या मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावे. आईबापाबरोबर मुलांना जावे लागू नये म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कागदावर आपण बरेच पुढे आलो. पण प्रत्येकाची यादी वेगळी. शाळेला मूल ठाऊक असते, अंगणवाडीला त्याची धाकटी बहीण, आशाताईंना त्यांची आई, मुकादमाला कोयता. चौघांच्या वह्या एका घरापाशी कधी भेटत नाहीत. या पुस्तकाचा मधला भाग त्यासाठीच आहे : चार वह्या एका टेबलावर कशा आणायच्या.

मोजणीला भ्यायची कारणेही आहेत आणि ती खोटी नाहीत. ‘बाहेरगावी’ असे लिहिले की रेशनकार्डातून नाव जाईल, घरकुलाच्या यादीतून वगळतील, ही भीती मी अनेक घरांत ऐकली. एका घरात म्हातारीने मला तिचा मुलगा ‘इथंच हाय, रानात गेलाय’ असे सांगितले. दाराला लागून त्याच्या बैलगाडीचे जू टेकवलेले होते, त्यावर धूळ साचली होती. मी पुढे काही विचारले नाही. तिने खोटे बोलावे असे तिला ज्यांनी वाटायला लावले, चूक त्यांची आहे. म्हणून या पुस्तकातली पद्धत नावे चावडीवर लावायला सांगत नाही. नावांची वही गावाच्या जबाबदार हातात, आणि बाहेर जाणारा फक्त बेरजेचा कागद. कोणाचेही नाव या मोजणीमुळे कोणत्याही यादीतून गळणार नाही, असा ठराव ग्रामसभेने आधी करायचा, मगच पहिल्या दारावर थाप मारायची. हा क्रम उलटवू नये.

जुनी मोजणी कधी कामाला येईल सांगता येत नाही, याचे उदाहरण तर शहागडपासून हाकेच्या अंतरावर घडले. निजामाच्या राज्यात पहिली मर्दुमशुमारी १८८१ मध्ये झाली. आपल्याकडे तिला खानेसुमारी म्हणत. ती दप्तरे हैदराबादेत पडून होती. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळचे कागद पुन्हा उघडले गेले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने नीट किंवा घाईत लिहिलेला एक शब्द आज कुटुंबांचे भवितव्य ठरवतो आहे, हे सगळ्यांनीच पाहिले. आपण आज जे लिहू त्याला पुढे कोण कसे वाचील, या जाणिवेने लिहावे.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकरांनी पन्नाशीच्या दशकात खेड्यांमध्ये लोकसंख्येच्या पाहण्या केल्या. पुढे रोजगार हमीच्या कामावर येणारे मजूर कोण आहेत, हेही त्यांनी कामाच्या जागी जाऊन पाहिले. मुंबईत देवनारला लोकसंख्याविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ती १९५६ पासून चालते. आणि गावाने स्वतः मोजायचे तर हिवरे बाजार समोर आहेच. तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरते. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या ताळेबंदात माणसांचाही ऋतुवार रकाना असावा.

म्हणून या पुस्तकातली मोजणी वर्षातून दोनदा आहे. एकदा दसऱ्याच्या आधी, एकदा फेब्रुवारीत. प्रश्न मोजकेच : घरात कोण, बाहेर कोण, कुठे, कधीपासून, कोणाबरोबर, मागे राहिलेल्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना जेवू कोण घालते. आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांनाही तेच प्रश्न. जेवू कोण घालते, हा शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. लोकसंख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो सापडणार नाही, तो एका आशाताईने सुचवला.

देशाची पुढची जनगणना जवळ आली आहे. संदर्भ दिवस पुन्हा १ मार्च, साल २०२७. या वेळी ती मोबाईलवर होणार आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारावर येतील आणि त्या दारांपैकी कित्येकांना पुन्हा कुलूप असेल. त्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आपल्या गल्लीची वही पुरी करा. मुकादमांना, कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रगणकाला कोप्यांपर्यंत वाट दाखवा. आणि फडातल्या माझ्या बहिणींनो, तो आला की कोयता मोजू देऊ नका. आपले नाव स्वतः सांगा, वय सांगा, गाव सांगा : शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना.